तीच गाडी, तेच इंजिन आणि 23 घोडे जास्त!

ऐका, आधी हे ऐका! माझदा कंपनीची सीएक्स-9 नावाची एक गाडी होती. 2016 साली ती अमेरिकेत नव्या रूपात आली. अडीच लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. आणि कंपनीनं तिच्या ताकदीचे आकडे किती दिले? दोन! साधं पेट्रोल भरलंत तर 227 अश्वशक्ती आणि जास्त ऑक्टेनचं, महागातलं भरलंत तर 250! इंजिन तेच, टर्बो तोच, आतला कॉम्प्युटर तोच, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. टाकीतलं पेट्रोल तेवढं बदललं आणि 23 घोडे जास्त! आले कुठून हे घोडे?

मी हे वाचलं आणि मला बसवेना. स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा वाचलं. दोन आकडे! एकाच गाडीचे! मी इंजिनिअर नाही, मेकॅनिक नाही, बोनेटखाली काय चालतं याच्याशी माझा आजवर काही संबंध आला नव्हता. त्यामुळे इथे जे सांगतेय ते नव्यानं कळलेल्या माणसाचं सांगणं आहे. पण चला ना माझ्याबरोबर! तुम्हाला यातलं काही माहीत नसेल तर फारच छान, आपण दोघं मिळून बघू. आणि माहीत असेल तर तरीही चला, पुन्हा एकदा बघायला काय हरकत आहे?

पहिला प्रश्न तुमच्याही मनात आलाच असेल. महागड्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा असते का? मी तेच शोधायला गेले आणि उत्तर मिळालं: नाही! एक किलो 91 ऑक्टेनचं पेट्रोल जाळा, एक किलो 100 ऑक्टेनचं जाळा, उष्णता जवळपास तेवढीच मिळते! मग तो पंपावरचा आकडा मोजतो तरी काय? तर तो मोजतो, पेट्रोल किती दम धरतं ते! दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेपर्यंत पेटायचं नाही, हा त्याचा गुण. बस, एवढंच! आणि या एवढ्याशा गुणातून 23 घोडे! कसे?

आता आपल्याला सिलिंडरच्या आत शिरावं लागणार. या! हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत येतं, आणि मग पिस्टन वर येत ते दाबतो, आणि मग पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. थोडं आधी! कारण सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपासून जाळ सुरू होतो आणि कडेकडेनं पसरत जातो. त्याला वेळ लागतो. किती? 3000 आरपीएमवर इंजिनची एक पूर्ण फेरी 20 मिलिसेकंदांत होते, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत इंजिनच्या कितीतरी फेऱ्या झालेल्या असतात, आणि या एका फेरीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शात जाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पोचतो! ठिणगीची वेळ अशी साधायची की सगळ्यात जास्त दाब तयार व्हावा तो पिस्टन वरून खाली वळल्यावर लगेच, म्हणजे ती ढकल पूर्ण कामी येते. इतकं नाजूक! आणि आपण सिग्नलला उभे असतो तेव्हाही हे चाललेलं असतं!

आणि आता बघा गोची कुठे होते. जाळ पसरतोय, त्याच्यामागचा वायू फुगतोय, आणि त्यानं पुढचं, अजून न पेटलेलं मिश्रण कोपऱ्यात रेटलं जातंय. ते आणखी दाबलं जातं, आणि मग आणखी तापतं, आणि मग आणखी दाबलं जातं, आणि मग एका क्षणी जाळ तिथे पोचायच्या आधीच ते आपलं आपण पेटतं. सगळं एकदम! ठण्! यालाच नॉकिंग म्हणतात. उंच गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनमधून जो टकटक, खळखळ आवाज येतो ना, तोच हा! प्रमाणाबाहेर वाढला तर पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. पिस्टनला! भोक!

ज्याचा ऑक्टेन आकडा जास्त, ते पेट्रोल त्या कोपऱ्यात जास्त वेळ दम धरतं. जाळ आला की मगच पेटतं. शहाणं पेट्रोल!

पण टर्बोचं काय? थांबा, हाच तर माझा सगळ्यात आवडता भाग आहे! सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा खेचून इंजिनमध्ये कोंबतं. मुठीत मावेल एवढं चाक, आणि लहान टर्बोत ते मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेऱ्या मारू शकतं! दोन लाख! वाया जाणाऱ्या धुरावर! आल्फ्रेड ब्युशी या स्विस इंजिनिअरनं 1905 सालीच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि म्हणून एक लिटरचं इटुकलं इंजिन 115-120 अश्वशक्ती देतं. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या चाकात जोरात हवा भरताना पंपाचं तोंड हाताला कसं गरम लागतं? तेच इथे, फक्त भयंकर प्रमाणात! मी कागदावर हिशोब मांडला. 30 अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबावर नेली, तर ती साधारण सव्वाशे अंशांवर जाते! पाणी उकळण्याच्याही वर! मग ती इंटरकूलरमधून फिरवून थंड करायची, आणि मग सिलिंडरमध्ये सोडायची, आणि मग तिथे पिस्टन तिला पुन्हा दहापट आक्रसवणार! म्हणजे त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाचे काय हाल होत असतील, विचार करा. म्हणून टर्बो इंजिनला नॉकिंगची भीती सगळ्यात जास्त, आणि म्हणूनच ऑक्टेनचा फायदाही सगळ्यात जास्त.

आणि मग मला कळलं की इंजिन ऐकतं! खरंच ऐकतं! मी आमच्या गॅरेजवाल्या दादांना लगेच फोन लावला. म्हटलं, "दादा, इंजिनला कान असतो?" ते शांतपणे म्हणाले, "असतो की ताई. नॉक सेन्सर. ब्लॉकला बोल्टनं घट्ट बसवलेला असतो." आणि हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू रोजचीच गोष्ट! त्यांना रोजचीच आहे म्हणा. पण तुम्ही बघा ना: त्या सेन्सरमध्ये एक स्फटिक, तो थरथरला की वीज निर्माण होते. नॉकिंगचा आवाज साधारण सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा. वॉल्व्हची टिकटिक, चेनची खरखर, रस्त्याचे धक्के, या सगळ्या गोंगाटातून तो सेन्सर नेमकी तेवढीच कंपनं टिपतो, आणि मग कॉम्प्युटर बघतो की त्या क्षणी कुठल्या सिलिंडरमध्ये जाळ पेटला होता, आणि मग त्या सिलिंडरची ठिणगी पुढच्या वेळी किंचित उशिरा टाकतो, आणि मग जरा वेळानं हळूच, अगदी हळूच, पुन्हा लवकर टाकून बघतो, की आता चालतंय का? आता? आता? तुम्ही गाणी ऐकत घाट चढत असता तेव्हा बोनेटखाली ही अशी चाचपणी अखंड चाललेली असते!

आता कळलं ना 23 घोडे कुठून आले? साधं पेट्रोल असलं की इंजिन नॉकिंगच्या सीमेवर लवकर पोचतं. मग कॉम्प्युटर ठिणगी मागे ओढतो, टर्बोचा दाबही कमी करू शकतो. पिस्टनवरची ढकल हुकते, ताकद घटते. पेट्रोल सोशीक असलं की ठिणगी योग्य वेळी टाकता येते, दाब पूर्ण ठेवता येतो. घोडे पहिल्यापासून तबेल्यातच होते! ऑक्टेननं फक्त दार उघडलं! आणि त्या माझदातली आणखी एक गंमत सांगते. 2000 आरपीएमला तिचा टॉर्क दोन्ही पेट्रोलवर सारखाच होता, सुमारे 420 न्यूटन-मीटर. 227 आणि 250 हा फरक होता 5000 आरपीएमला. म्हणजे शांतपणे गाडी चालवणाऱ्याला तो जाणवणारही नाही, आणि पूर्ण जोर लावणाऱ्याला लगेच जाणवेल!

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनला इतका फरक का पडत नाही? कारण त्याच्याकडे वातावरणाच्या दाबानं येईल तेवढीच हवा. ते फार तर ठिणगीची वेळ हलवणार. टर्बोकडे दाब कमी-जास्त करण्याची दुसरी कळ आहे!

आणि हे सगळं शोधून कोणी काढलं हे बघायला गेले तर तिथेही नुसती आश्चर्यं! 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली, जगातल्या अगदी पहिल्या टर्बो कारपैकी एक. इंजिनमधला दाब इतका की नॉकिंग होणारच. मग त्यांनी काय करावं? बोनेटखाली एक वेगळी टाकी ठेवली, तिच्यात निम्मं शुद्ध पाणी आणि निम्मं मिथेनॉल, आणि टर्बो जोरात आला की त्याचा फवारा आत सोडायचा, म्हणजे मिश्रण थंड होतं! त्या द्रवाला नावही काय भारी, टर्बो रॉकेट फ्लुइड! लोक ती टाकी भरायला विसरत, मग गाडी टर्बोचा जोर बंद करून टाके, आणि 1963 नंतर ती गाडीच बंद झाली.

आणि मग स्वीडनमध्ये साब! पेर यिलब्रांड हे तिथले इंजिनिअर, आणि 1982 सालच्या साब टर्बो गाड्यांमध्ये आली एपीसी नावाची यंत्रणा. सेन्सर नॉकिंग ऐकणार आणि त्याप्रमाणे टर्बोचा दाब आपोआप कमी-जास्त होणार! कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं? हरकत नाही, थोडी ताकद कमी मिळेल, इंजिन सुखरूप राहील. चांगलं पेट्रोल मिळालं? घ्या पूर्ण ताकद! आज आपल्या गल्लीतल्या टर्बो गाडीत जे चाललंय त्याचा हा थेट पूर्वज. चाळीस वर्षांपूर्वीचा!

अजून मागे जाऊ या? जाऊ या! 1940. ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन विमानं, त्यांत रोल्स-रॉइसचं 27 लिटरचं मर्लिन इंजिन. याला टर्बो नव्हता, सुपरचार्जर होता, म्हणजे हवा कोंबणारं चाक धुरावर न फिरता इंजिनच्याच जोरावर फिरायचं. पण गोष्ट तीच! 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर त्याला चौरस इंचाला सव्वासहा पौंड जादा दाब सोसायचा आणि ताकद मिळायची कमाल 1,030 अश्वशक्तीच्या आसपास. मग 100 ऑक्टेनचं इंधन आलं, आणि मग वैमानिकांना गरजेच्या वेळी बारा पौंड दाब वापरायची मुभा मिळाली, आणि मग त्याच इंजिनातून खालच्या उंचीवर 1,310 अश्वशक्ती मिळू लागली! शत्रूचं विमान पाठीशी असताना हा फरक केवढा, याची मला तर कल्पनाही करवत नाही. 1944 पर्यंत इंधन इतकं सुधारलं की मर्लिनच्या नंतरच्या आवृत्त्यांचा दाब पंचवीस पौंडांपर्यंत नेला गेला. पंचवीस!

यात एक दुखरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जायचं नाही. तेव्हा ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना 1921 साली हा उपाय सापडला, आणि मग ते शिसं जगभरच्या रस्त्यांवर धुरातून पसरलं. मुलांच्या मेंदूला घातक असं विष! भारतात 2000 साली शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झालं. गाड्यांसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया, तिथे ते 2021 साली थांबलं. एका आकड्यासाठी शंभर वर्षं!

आणि हा आकडा ठरला कसा, माहितीये? 1920च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन, अतिशय सोशीक, त्याला 100 गुण. नॉर्मल हेप्टेन, जरा दाबलं की पेटणारं, त्याला शून्य. हे हेप्टेन कुठून मिळवत असत? कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून! पेट्रोलच्या मोजपट्टीचं शून्य झाडाच्या राळेत! मग 91 म्हणजे काय? 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन एकत्र केल्यावर जेवढा दम धरतात, तेवढा हे पेट्रोल धरतं. आणि हे तपासायला एक सिलिंडरचं खास इंजिन आहे, ते चालू असतानाच त्यातला दाब कमी-जास्त करता येतो! एक चाचणी 600 आरपीएमवर, तिचा आकडा म्हणजे आपल्याकडचा आरओएन. दुसरी जास्त कडक, 900 आरपीएमवर. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, म्हणून तिथला 87 म्हणजे आपला साधारण 91. घाबरू नका, त्यांचं पेट्रोल आपल्यापेक्षा वाईट नाही!

आणि आता हे ऐकून उडी मारा! 1988 साली आयर्टन सेना आणि अॅलेन प्रोस्ट यांच्या मॅक्लारेन-होंडानं फॉर्म्युला वनच्या 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. दीड लिटरचं टर्बो इंजिन! नियम असा की इंधनाचा ऑक्टेन 102 च्या वर नको. होंडानं काय भरलं? 84 टक्के टोल्युइन, ज्याचा ऑक्टेन शंभराच्या बराच वर, आणि उरलेलं 16 टक्के? हेप्टेन! तेच, शून्य गुणवालं! नियमात बसण्यासाठी वरून खाली आणायला शून्य मिसळलं! मी हे वाचून टाळ्या वाजवल्या. घरात एकटीच होते, तरी वाजवल्या.

बरं, आता आपल्या पंपावर या. आपल्याकडे बीएस-6 नियम आले तेव्हा साध्या पेट्रोलला किमान 91 आणि प्रीमियमला किमान 95 आरओएन ठरवलं होतं. 1 डिसेंबर 2020 रोजी इंडियन ऑइलनं एक्सपी100 आणलं, 100 ऑक्टेनचं, पहिल्या शहरांत मुंबई आणि पुणेही होतं. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता.

आणि इथे आपला ऊस येतो! हो, ऊस! इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास आहे. शिवाय त्याची वाफ होताना ते आजूबाजूची भरपूर उष्णता शोषून घेतं, किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, म्हणजे मिश्रण थंड होतं. जेटफायरच्या त्या टाकीचंच काम! 20 टक्के इथेनॉलच्या ई20 पेट्रोलसाठी मानकच किमान 95 आरओएन आहे. म्हणजे कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघालेलं इथेनॉल आपल्या पेट्रोलचा ऑक्टेन वर नेतंय! मात्र लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडा उतरतो. ऑक्टेन वेगळा आणि ऊर्जा वेगळी, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण कुठे मिळणार?

आता तुम्ही विचाराल, मग उद्यापासून मी शंभर ऑक्टेनच भरू का? मी हाच प्रश्न दादांना विचारला. ते म्हणाले, "ताई, गाडी काय मागते ते बघा. मागत नसेल तर कशाला घालता?" इतकं सोपं! 100-125 सीसीची रोजची बाइक किंवा बिनटर्बोची छोटी गाडी, जी 91 साठीच बनवली आहे, तिच्यात महागडं पेट्रोल भरलं तर तिच्याकडे उघडायला जास्तीचं दारच नसतं. जास्त ऑक्टेननं तिची ताकद वाढायचं कारण नाही. टर्बो गाडी असेल, कंपनीनं 95 ची शिफारस केली असेल, आणि उन्हाळ्यात भरलेल्या गाडीनं कसारा किंवा खंबाटकी घाट चढायचा असेल, तर मात्र तो आकडा कामाला येतो. तापलेली हवा, चढ, वजन, पूर्ण दाब: नॉकिंगला हवं ते सगळं तिथे एकत्र असतं. आणि कंपनीनं जो किमान आकडा लिहिला आहे, त्याच्या खाली कधीच जाऊ नका. सेन्सर सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते आत्ताच करा! खाली जा, तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. तिथे नसेल तर ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा. "किमान" आणि "शिफारस" असे दोन वेगळे आकडे आहेत का, ते बघा. दोन असतील तर वरच्या आकड्याचं पेट्रोल भरून एकदा घाट चढा आणि स्वतः अनुभव घ्या. एकच असेल तर तेवढंच भरा आणि वरचे पैसे खिशात ठेवा!